अंगठ्याचा हिशेब

आठवीच्या वर्गाला शेकडेवारी शिकवताना गेली कित्येक वर्षे मी एक गणित फळ्यावर घालतो. 'एका कामगाराचा मासिक पगार १,५०० रुपये. वय पूर्ण ४० वर्षे. यंत्रात सापडून त्याचा उजव्या हाताचा अंगठा गेला. तर त्यास किती रुपये मिळावयास हवेत?' मुले प्रथम एकमेकांकडे पाहून हसतात, आणि मग गप्प होतात. हे गणित कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते १९९७ साली माझ्या दारात चालत आले.

मी मूळचा इतिहासाचा विद्यार्थी. तेव्हा नुकताच सहशिक्षक म्हणून रुजू झालो होतो. पण लहान शाळेत इतिहासाच्या शिक्षकाला गणिताचेही तास घ्यावे लागतात. एका संध्याकाळी आमच्याच वर्गातल्या एका मुलाची आई आणि वडील घरी आले. वडिलांच्या उजव्या हाताला मोठे बॅंडेज. ते एका लहानशा कारखान्यात पत्रा कापण्याच्या प्रेसवर कामाला होते. आईने पदराआडून एक स्टॅम्पपेपर काढून माझ्यासमोर धरला.

"सर, कानडीत हाय. काय लिवलंय तेवढं सांगा की. ह्यांनी अंगठा उठवलाय त्याच्यावर."

मी वाचले. पाच हजार रुपये रोख मिळाले, यापुढे माझी कसलीही मागणी राहिलेली नाही, अशा अर्थाचा मजकूर होता. खाली डाव्या हाताच्या अंगठ्याचा निळा ठसा. उजवा प्रेसखाली गेला होता आणि डावा या कागदासाठी वापरला होता. गुरुदक्षिणेत अंगठा देणाऱ्या एकलव्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. पण एकलव्याकडून निदान पावती तरी कोणी लिहून घेतली नव्हती.

"चूक ह्यांचीच म्हणत्यात मालक," बाई म्हणाल्या. "आनि हे ठेकेदाराचं मानूस, आमचं न्हवं, असंबी म्हणत्यात."

चूक कोणाची, आणि माणूस कोणाचा? या दोन प्रश्नांची उत्तरे मला त्या दिवशी देता आली नाहीत. ती शोधायला निघालो तेव्हा असे आढळले की, या दोन प्रश्नांभोवतीच कामगारांच्या नुकसानभरपाईचा सारा इतिहास फिरला आहे.

हा इतिहास सुरू होतो इंग्लंडात, एका खाटकाच्या गाडीपासून. १८३७ साली तेथील एका न्यायालयापुढे खाटकाच्या नोकराचा दावा आला. मालकाच्या गाडीत प्रमाणाबाहेर माल भरला गेला, गाडी मोडली आणि नोकराची मांडी मोडली. ज्यूरीने त्याला १०० पौंड देवविले होते. पण न्यायमूर्ती लॉर्ड ॲबिंजर यांनी तो निर्णय फिरवला. अशी जबाबदारी मालकावर टाकली तर मोलकरणीने ओलसर अंथरूण घातले म्हणूनही दुसरा नोकर मालकावर फिर्याद करील, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. येथूनच पुढे असे तत्त्व रूढ झाले की, सोबतच्या नोकराच्या चुकीमुळे इजा झाली तर मालक जबाबदार नाही. नोकरी पत्करतानाच कामगाराने तो धोका पत्करलेला असतो. ज्या गिरणीत हजार माणसे काम करतात तेथे प्रत्येक अपघात कोणा ना कोणा सोबत्याच्या हातून घडतो. तेव्हा या तत्त्वाचा अर्थ एवढाच होता की, मालक कधीच जबाबदार नाही. इंग्लंडच्या कायद्यातून ते पुरते हद्दपार व्हायला १९४८ साल उजाडावे लागले.

मध्यंतरी जर्मनीत बिस्मार्कने १८८४ साली अपघात विम्याचा कायदा केला. तेथे चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला ठेवला गेला. यंत्रे चालली की काही हात तुटणारच, आणि तो खर्च यंत्राच्या तेलपाण्याइतकाच धंद्याचा खर्च आहे, हा त्यामागचा विचार. इंग्लंडने तो १८९७ च्या कायद्यात आपल्या पद्धतीने स्वीकारला. कामगार मेला तर तीन वर्षांची मजुरी किंवा १५० पौंड, यांपैकी जी रक्कम मोठी ती. मात्र ३०० पौंडांहून अधिक नाही. आणि कामगार अपंग झाला तर आठवड्याच्या मजुरीच्या निम्म्यापर्यंत रक्कम. 'मालकाचा दोष सिद्ध करा' ही अट गेली आणि तिच्या जागी त्रैराशिक आले.

आता जरा मुंबईकडे वळू. जे १८८४ साल जर्मनीत विम्याच्या कायद्याचे, तेच साल मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या सभांचे. लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. गिरणीत काम केलेले असल्यामुळे तेथले जिणे त्यांनी जवळून पाहिले होते. त्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांनिशी एक निवेदन सादर केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम आणि महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, या चार मागण्या पुष्कळांना ठाऊक असतात. पाचवी मात्र फारशी कोणी सांगत नाही. कामावर गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य सोय व्हावी, अशी ती मागणी होती. ज्यूरी नाही, वकील नाही, दोषाची चर्चा नाही. 'निर्वाहाची सोय' हाच सरळ शब्द. ही मागणी केली तेव्हा इंग्लंडचा १८९७ चा कायदा तेरा वर्षे दूर होता.

त्या वेळी आपल्याकडे काय होते? १८५५ चा प्राणांतिक अपघातांचा कायदा होता. त्यान्वये मेलेल्याच्या वारसांना दिवाणी दावा लावता येई. पण दोष सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्याच डोक्यावर. गिरणीतल्या कामगाराची विधवा गिरणीमालकाविरुद्ध दावा चालवील, ही कल्पनाच करवत नाही. १८८१ चा कारखान्यांचा कायदा मुख्यतः मुलांच्या कामाचे तास आणि यंत्रांभोवतीची कुंपणे यांपुरता होता. लोखंड्यांच्या मागण्यांपैकी रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरण्यांत १८९० साली आली. पाचवी मागणी तशीच राहिली. १८९७ साली इंग्लंडच्या कामगाराला भरपाईचा हक्क मिळाला, आणि त्याच वर्षी लोखंडे वारले.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली, १९२० साली मुंबईत आयटकचा जन्म झाला, आणि कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात बसू लागले. १९२३ च्या मार्चात कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. त्याच वर्षअखेरीस आमच्या बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्या अधिवेशनाच्या आठवणी आमच्या जिल्ह्यात घरोघर सांगितल्या जातात. पण त्याच वर्षी, मुंबई इलाख्यातला जिल्हा म्हणून, आमच्याकडच्या कामगारालाही आपल्या हातापायांचा हिशेब मागण्याचा हक्क मिळाला, हे मात्र आम्ही विसरलो. लोखंड्यांच्या निवेदनापासून मोजले तर या हक्काला चाळीस वर्षे लागली होती.

हिशेब कसा होता तेही पाहू. प्रौढ कामगार मेला तर तीस महिन्यांची मजुरी किंवा अडीच हजार रुपये, यांपैकी जी रक्कम लहान ती. पूर्ण व कायमचा अपंग झाला तर बेचाळीस महिन्यांची मजुरी किंवा साडेतीन हजार, यांतही लहान तीच. इंग्लंडात 'मोठी ती' म्हटले होते, येथे 'लहान ती' म्हटले. साम्राज्य एकच, पण शब्द बदलला. अल्पवयीन कामगार मेला तर सरसकट दोनशे रुपये. एखादा अवयव गेला तर त्यासाठी शेकडेवारीचा तक्ता होता. त्यात कोपराच्या वर उजवा हात गेल्यास शेकडा ७०, डावा गेल्यास ६०, एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, इतर कोणतेही बोट ५. म्हणजे महिना वीस रुपये मिळवणाऱ्याचा अंगठा गेला, तर बेचाळीस महिन्यांचे ८४० रुपये आणि त्याचे शेकडा २५, म्हणजे २१० रुपये.

पुढे हा कायदा अनेकदा दुरुस्त झाला. १९६२ च्या दुरुस्तीने तक्ता नव्याने मांडला. उजव्या-डाव्यातला भेद गेला आणि अंगठा शेकडा ३० वर आला. १९८४ च्या दुरुस्तीने हिशेबाची रीतच बदलली. त्यापूर्वी पगाराच्या टप्प्यांनुसार ठरीव रकमा असत. आता वयानुसार एक गुणक आला. सोळा वर्षांपर्यंत २२८.५४, पंचविशीत २१६.९१, चाळिशीत १८४.१७, पन्नाशीत १५३.०९, साठीत ११७.४१. तरुणाचे कमावते दिवस जास्त उरलेले, म्हणून त्याचा गुणक मोठा. मुले येथे विचारतात, "सर, चाळिशीच्या माणसाचे साठीपर्यंत दोनशे चाळीस महिने उरतात, मग १८४ का?" प्रश्न बरोबर आहे. जे पैसे वीस वर्षांत महिन्या-महिन्याने मिळायचे ते आज एकदम हाती येतात, आणि बॅंकेत ठेवले तर त्यांवर व्याज मिळते. म्हणून गुणक महिन्यांच्या संख्येहून लहान. हा चक्रवाढ व्याजाचाच धडा, उलटा वाचलेला.

१९८४ च्या सूत्रात मृत्यूसाठी पगाराचे शेकडा ४० आणि पूर्ण अपंगत्वासाठी शेकडा ५० धरीत. सप्टेंबर १९९५ पासून ते अनुक्रमे ५० आणि ६० झाले. मृत्यूपेक्षा अपंगत्वाला अधिक का, असे वाटेल. कारण साधे आहे. अपंग झालेला माणूस घरातच असतो, आणि त्यालाही दोन वेळा जेवायचे असते.

आता आपले फळ्यावरचे गणित. पगार १,५००, त्याचे शेकडा ६० म्हणजे ९००. गुणिले १८४.१७, म्हणजे १,६५,७५३ रुपये. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. अंगठ्याचे शेकडा ३०, म्हणून ४९,७२५ रुपये ९० पैसे. हा गुणाकार त्या संध्याकाळी माझ्या घरी त्या गृहस्थांच्या मुलानेच वहीवर केला. दोनदा करून पाहिला. उत्तर तेच आले. समोर स्टॅम्पपेपरवर पाच हजारांचा आकडा होता.

हाच अपघात सप्टेंबर १९९५ पूर्वी झाला असता तर? तेव्हा शेकडा ५० चे सूत्र होते आणि हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १,००० रुपयेच धरीत. म्हणजे ५०० गुणिले १८४.१७, त्याचे शेकडा ३०, हे २७,६२५ रुपये ५० पैसे होतात. बोट तेच, यंत्र तेच. कायद्यातले दोन आकडे बदलले की घरातली चूल किती दिवस पेटेल तेही बदलते. पगाराची ही कमाल मर्यादा १९९५ साली २,०००, २००० साली ४,०००, २०१० साली ८,००० आणि ३ जानेवारी २०२० पासून १५,००० झाली. या शेवटच्या मर्यादेने चाळिशीच्या माणसाच्या अंगठ्याचे ४,९७,२५९ रुपये होतात. १९२४ च्या २१० रुपयांपासून येथवरचा प्रवास आहे.

राहिले बाईंचे दोन प्रश्न. दोन्हींची उत्तरे त्या जुन्या कायद्यातच होती. कामगार नशेत असेल, त्याने सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला असेल, किंवा यंत्राचा संरक्षक भाग मुद्दाम काढला असेल, तरच मालकाला हरकत घेता येई. मृत्यू झाला असेल किंवा पूर्ण व कायमचे अपंगत्व आले असेल तर तीही हरकत चालत नसे. साधी गफलत, डुलकी, घाई, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात 'चूक' म्हणतो, तिच्यामुळे हक्क जात नव्हता. ठेकेदाराचे म्हणाल तर, मालकाच्या धंद्याचे काम ठेकेदारामार्फत करून घेतले तरी भरपाई मालकानेच द्यायची; मागाहून त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. आणि तो स्टॅम्पपेपर? कामगाराला आपला हक्क सोडायला लावणारा करार कायद्याने रद्दबातल होता. एकरकमी तडजोड करायची तर तिची नोंद भरपाई आयुक्तांकडे व्हावी लागे.

आम्ही अर्ज केला. मुदत अपघातापासून दोन वर्षांची होती, आणि आमचे तर दोन महिनेही झाले नव्हते. एका ओळखीच्या वकिलांनी फी न घेता अर्ज कानडीत लिहून दिला. पगाराचा पुरावा ही मोठी अडचण होती. आठवड्याचे पैसे रोख मिळत आणि मस्टरवर नाव नव्हते. शेवटी दुकानदाराच्या उधारीच्या वहीत दर शनिवारी जमा झालेले आकडे आणि दोन सोबत्यांच्या साक्षी कामी आल्या. दीड वर्षाने निकाल लागला. ४९,७२६ रुपये, आणि वर्षाला शेकडा १२ प्रमाणे व्याज, म्हणजे वर्षाकाठी सुमारे ५,९६७ रुपये. आधी दिलेले पाच हजार त्यातून वजा झाले. पैसे आयुक्तांकडे जमा झाले, त्या दिवशी त्या माउलीने घरी पेढे आणून दिले. मी मनातून फुगलो होतो, हे कबूल करतो.

पुढे काही वर्षांनी दुसऱ्या एका कामासाठी निकालपत्रे चाळताना ओडिशातील एका सुताराचा खटला वाचनात आला. १९६८ साली एका चित्रपटगृहात काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपरावरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की, तक्त्यात एका हाताची शेकडेवारी ठरलेली आहे, तेव्हा अपंगत्व अंशतःच धरावे. १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणे फेटाळले. सुतारकाम एका हाताने होत नाही. म्हणून हा माणूस सुतार या नात्याने पूर्णपणे अपंग झाला आहे, असे न्यायालयाने ठरवले. रक्कम अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. अवयव कोणता गेला एवढेच पाहायचे नाही, त्या अवयवाने तो माणूस काय करीत होता तेही पाहायचे, असा त्याचा अर्थ.

ते वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. आमच्या त्या गृहस्थांना प्रेसवर पुन्हा कोणी उभे केले नाही. उजव्या अंगठ्यावाचून पत्रा पकडता येत नाही. ते पुढे शनिवारच्या बाजारात कोथिंबीर-मिरच्या विकत. मी तक्ता पाहिला, अंगठ्यापुढे ३० वाचले आणि गणित सोडवले. गणित अचूक होते. पण त्या हाताने ते काय काम करीत होते, आता काय करू शकतील, हा प्रश्न आम्ही आयुक्तांपुढे मांडलाच नाही. तो मांडला असता तर अधिक मिळाले असते की नाही, हे आता कोण सांगणार? विचारायला हवे होते, एवढे खरे. माहितीचा अभाव फक्त अंगठा उठवणाऱ्याकडेच असतो असे नाही. फळ्यापुढे खडू घेऊन उभ्या असलेल्याकडेही असतो.

२००९ च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावातला 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. मृत्यूला पगाराचे शेकडा ५०, पूर्ण अपंगत्वाला ६०, गुणिले वयाचा गुणक, हे सूत्र तेथेही कायम आहे. घरून कामावर जाता-येताना झालेल्या अपघाताचाही कामाशी संबंध दाखवता आला तर आता विचार होतो. राज्य विमा योजनेत ज्याचे नाव आहे त्याला मात्र भरपाई त्या योजनेतून मिळते, मालकाकडून वेगळी मागता येत नाही. तेव्हा आधी ते कार्ड आहे की नाही ते पाहावे.

आम्हा सीमाभागातल्या लोकांना रस्त्याच्या पाटीवरची भाषा कोणती यावर तावातावाने बोलता येते, आणि ते बोलण्याची कारणेही आहेत. पण हा कायदा केंद्राचा आहे. चंदगडात गेलेला अंगठा आणि बेळगावात गेलेला अंगठा यांची शेकडेवारी एकच. कागद कानडीत असो वा मराठीत, तो वाचून घेतल्यावाचून त्यावर अंगठा उठवू नये, आणि वाचता येणाऱ्याने शेजाऱ्याला तो वाचून दाखवावा. पगाराची चिठ्ठी, हजेरीचे कार्ड, दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. काहीच नसेल तर दुकानदाराची वहीही चालते, हे आम्ही पाहिले आहे.

माझ्या वर्गात आता ते गणित एका ओळीने वाढले आहे. उत्तर काढून झाले की मी मुलांना विचारतो, "हा माणूस कोणते काम करीत होता, हे गणितात दिले आहे का?" मुले फळ्याकडे पुन्हा पाहतात. दिलेले नसते. मग मी सांगतो की, आधी ते विचारा.